पोल हरवलेल्या दिवसानंतर

फोंडा, गोवा

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा फोन आल्यापासून मन तिथेच अडकले आहे. पोल व्हॉल्टच्या स्पर्धेसाठी तुझे पोल, उडीच्या त्या लांब लवचिक काठ्या, वेळेत मैदानावर पोहोचल्या नाहीत, मागून घेतलेला पोल तुला मऊ पडला आणि पहिल्याच उंचीवर तिन्ही प्रयत्न वाया गेले. ‘बाबा, मला आता हे नकोच,’ असे तू म्हणालीस तेव्हा मला उत्तर सुचले नाही, म्हणून सवडीने लिहितो आहे.

ब्राझीलची फाबियाना मुरेर तुझ्यासारखीच जिम्नॅस्टिक्समधून पोल व्हॉल्टकडे आली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तिला हवा असलेला पोलच जागेवर नव्हता. पात्रता फेरीत बाद झालेल्या खेळाडूंच्या पोलांबरोबर तो भलतीकडे गेला होता. ती पंचांशी भांडली, स्वतः शोधत फिरली आणि अखेर दुसऱ्याच पोलने ४.६५ मीटरचे प्रयत्न करून बाद झाली. बाहेरच्यांना ही सबब वाटेल, पण ओलांडायची आडवी पट्टी वर चढते तसा अधिक ताठ पोल का घ्यावा लागतो, आणि मऊ पोल जास्त वाकून आपल्याला वर उचलण्याऐवजी पट्टीवरच कसा नेऊन आदळतो, हे तुला मी सांगायला नको. मला विचारशील तर त्या रात्री पोलइतकेच तिचे चित्तही हरवले होते, आणि त्यासाठी मी तिला तिळमात्र दोष देत नाही.

पुढे २०१० मध्ये दोहा येथे तिने जागतिक इनडोअर सुवर्णपदक मिळवले आणि २०११ मध्ये देगू येथे ४.८५ मीटर उडी मारून ती विश्वविजेती झाली. जागतिक मैदानी स्पर्धेतले ब्राझीलचे ते पहिले सुवर्ण. तिच्या पोर्तुगीज मुलाखतींचा अर्थ तुझी आजी मला सांगत असे. पोर्तुगीज शाळेत शिकलेली ती भाषा असल्या उपयोगाला येईल, असे आजीला कधी वाटले नव्हते. २०१५ ची जागतिक स्पर्धा बीजिंगच्या त्याच स्टेडियममध्ये झाली. पोल हरवला त्याच मैदानावर, सात वर्षांनी, मुरेरने ४.८५ मीटर पार करून रौप्यपदक घेतले. तिच्या कारकिर्दीतला हा प्रसंग मला देगूच्या सुवर्णापेक्षाही मोठा वाटतो.

मात्र गोड तेवढेच सांगून मी तुला फसवणार नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ती पात्रता फेरीतच बाहेर पडली. २०१६ मध्ये तिने ४.८७ मीटरची, तिच्या आयुष्यातली सर्वोत्तम उडी घेतली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, मानेच्या दुखण्यासह, स्वतःच्या देशात रिओ येथे तिला ४.५५ मीटरही पार करता आले नाही. ऑलिंपिक पदक तिला कधीच मिळाले नाही.

खेळायचे की थांबायचे, हे तूच ठरव. फक्त या आठवड्यात ठरवू नकोस, एवढेच माझे मागणे आहे. पुढच्या स्पर्धेला जायचे ठरलेच, तर मडगावला पोल मालडब्यात चढेपर्यंत मी स्वतः उभा राहीन आणि तुझ्याबरोबर त्याच गाडीने येईन. पोलच्या पिशवीची उसवलेली शिवण तुझ्या आईने कालच दुहेरी टाक्याने घातली आहे.

तुझा,
बाबा