आधी दहा जणींना शिकवा, कॅमेरा नंतर लावा

संपादक महोदय,

‘एकदाच रेकॉर्ड करा आणि झोपेतही कमवा’ अशा जाहिराती हल्ली शिवण, मेंदी, केक, हार्मोनियम असे काहीही शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर येऊन आदळतात. सुरुवातीला 99 रुपयांचे वेबिनार असते आणि त्याच्या शेवटी ‘ऑनलाइन कोर्स कसा विकावा’ हे शिकवणारा पंचवीस-तीस हजारांचा कोर्स. हातात कला असलेल्या कितीतरी बायकांची साठवलेली रक्कम यात जाते. याची चीड जास्त येते, कारण मराठीतून शिकवून ऑनलाइन कमाई खरोखरच होते. मात्र त्या जाहिरातींत सगळा क्रम उलटा सांगितलेला असतो, म्हणून हे पत्र. उदाहरण ब्लाउज शिवणकामाचे घेतले आहे. इतर कलांनाही यातले बरेचसे लागू पडते.

पहिली चूक म्हणजे आधी रेकॉर्डिंग. वीस धडे चित्रित करायचे, कोर्स टाकायचा आणि मग कळते की शिकणारी तिसऱ्या धड्यातच अडकली. त्याऐवजी दहा-बारा जणींची एक थेट (लाइव्ह) ऑनलाइन तुकडी घ्यावी. फी निम्मी ठेवावी, पण फुकट शिकवू नये, कारण फुकटात आलेल्या बऱ्याच जणी कापडाला कात्रीच लावत नाहीत. झूमची मोफत बैठक 40 मिनिटांनी बंद पडते, म्हणून 35 मिनिटांचा तास धरावा. प्रत्येकीकडून पेपर ड्राफ्टचा (कागदावर काढलेल्या कटिंगच्या आकृतीचा) आणि शिवलेल्या भागाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवावा आणि आलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवावा. महिनाभरात जी वही भरते, तोच पुढच्या कोर्सचा अभ्यासक्रम.

त्या वहीत काय सापडते? बहुतेक धडे छाती 36 घेऊन शिकवले जातात. चौथा भाग 9 इंच, हिशेब सोपा. पण 42 छातीची बाई घरी बसून सगळीच मापे त्याच प्रमाणात वाढवते आणि खांद्यावरून ब्लाउज घसरतो. छाती वाढली म्हणून शोल्डर आणि गळारुंदी त्याच प्रमाणात वाढत नाहीत, हे कोणी सांगितलेलेच नसते. बाही जोडताना चुण्या येतात, कारण मुंढ्याचा (बाही जोडायच्या जागेचा) गोल आणि बाहीचा गोल टेपने मोजून पाहिलेला नसतो. कटोरीचे (छातीवरच्या गोल तुकड्याचे) टोक बसत नाही. अशा जागांना प्रत्येकी एक स्वतंत्र धडा लागतो, आणि फुकट व्हिडिओंच्या ढिगाऱ्यात नेमके हेच नसते. विकायचे ते हे आहे.

कॅमेऱ्याला फार खर्च नको. बरा फोन, एक कॉलर माइक, एक स्टँड. फोन आडवा धरावा, 1080पी पुरते. सेल्फीचा कॅमेरा वापरू नये. त्यात काही फोन चित्र उलटे करतात, मग टेपवरचे आकडे वाचता येत नाहीत. कटिंग दाखवताना फोन शिकवणारीच्या मागून, खांद्यावरून खाली बघणारा लावावा. समोरून चित्रण केले की पाहणारीला सगळे उलटे दिसते आणि डावी-उजवी बाजू गोंधळते. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करावा, नाहीतर पांढरे अस्तर पसरताच चित्र काळवंडते. एलईडी दिव्याखाली पट्टे सरकताना दिसले तर फ्रेम दर (सेकंदाला टिपायची चित्रे) 25 आणि शटर (एक चित्र टिपण्याचा वेळ) एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंद ठेवावे, कारण आपली वीज 50 हर्ट्झची आहे. फोन विमान मोडवर टाकावा. फोन आला की चांगला चाललेला धडा मध्येच तुटतो.

चित्र जरा कमी-जास्त असले तरी लोक चालवून घेतात, आवाज खराब असेल तर पैसे परत मागतात. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर असावा, पंखा बंद असावा, रिकाम्या खोलीत आवाज घुमत असेल तर भिंतीला दोन गोधड्या टांगाव्यात. आवाज वेगळ्या यंत्रावर घेतला असेल तर सुरुवातीला एक टाळी वाजवावी म्हणजे नंतर जुळवता येतो. एक अडचण मात्र हमखास चकवते. काही फोन व्हिडिओचा फ्रेम दर मध्ये मध्ये बदलतात. संपादन करताना आठव्या-दहाव्या मिनिटाला ओठ आणि आवाज यांची फारकत होते आणि माइक बिघडला असे वाटते. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून फाइल एकसारख्या फ्रेम दरात काढून घेतली की प्रश्न मिटतो.

धडा दहा मिनिटांच्या आसपास ठेवावा. दर सेकंदाला दीड मेगाबिट या दराने 720पीचा एक तास म्हणजे साधारण 675 एमबी. दिवसाला दीड जीबी वापरणाऱ्या घरात, जिथे तोच फोन मुलांच्याही हातात असतो, तासभराचा सलग धडा कोणी पुरा करत नाही. दहा मिनिटांचा धडा 112 एमबीत बसतो.

पॅटर्नच्या पीडीएफबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण इथेच सर्वाधिक तक्रारी येतात. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट ‘फिट टू पेज’वर (पानात मावेल असे लहान करून) निघते आणि चित्र पाच टक्क्यांनी आकसले तर 36 इंचांचे 34.2 होतात. ब्लाउज घट्ट होतो आणि दोष शिकवणारीला येतो. म्हणून प्रत्येक पानावर एक इंचाचा चौकोन छापावा आणि ‘हा चौकोन आधी टेपने मोजा, कमी भरला तर दुकानदाराला 100 टक्के किंवा ॲक्चुअल साइझवर प्रिंट काढायला सांगा’ असे ठळक लिहावे. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षर-पद्धतीत असावा. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर अनेकदा नुसत्या खुणा होऊन उमटतो.

आता पैसे. उडेमीसारख्या कोर्स विकणाऱ्या ऑनलाइन बाजारात आपल्या लिंकवरून झालेल्या विक्रीचे 97 टक्के शिक्षकाला मिळतात. उडेमीने स्वतः आणलेल्या गिऱ्हाइकाचे मात्र 37 टक्केच, तेही सवलतीच्या किमतीवर. स्वतःच्या पानावरून विकले तर पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा) साधारण दोन टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी घेतो. 1,500 रुपयांवर हे 35 रुपये 40 पैसे होतात. खरा खर्च जाहिरातीचा. एका क्लिकला आठ रुपये पडले आणि शंभर जणांतल्या दोघींनी कोर्स घेतला, तर एका विक्रीमागे 400 रुपये गेले. उरले साधारण 1,065. त्यातून कोर्स-ॲपचे भाडे आणि परत केलेली फी वजा व्हायची आहे. शिवाय शंकानिरसन. एकीचे पाच फोटो, प्रत्येकाला सहा मिनिटे, म्हणजे अर्धा तास. चाळीस जणींचे वीस तास. झोपेत कमावण्याच्या गोष्टीत हे वीस तास कुठेच नसतात, आणि लोक पैसे मोजतात ते याच वीस तासांचे. ते काढून टाकले की उरतो तो यूट्यूबवर फुकट मिळणारा माल.

जीएसटीची भीती बरीच पसरवली जाते. इंदूर, बडोदा किंवा हैदराबादच्या मराठी विद्यार्थिनीला कोर्स विकला की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते, असे सांगून काही सल्लागार फी घेतात. सेवा पुरवणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर राज्याबाहेर विकूनही नोंदणी सक्तीची नाही. मात्र उलाढाल म्हणजे गिऱ्हाइकाने भरलेली पूर्ण रक्कम. कमिशन कापून बँकेत आलेली नव्हे. नोंदणीनंतर 18 टक्के कर लागतो. 1,500 ही करासह किंमत असेल तर त्यातले 228 रुपये 81 पैसे सरकारचे. दर ठरवताना नोंदणीचा हा दिवस डोळ्यापुढे ठेवावा, एकदम किंमत वाढवणे जड जाते.

चोरी होणारच. यूट्यूबची अनलिस्टेड लिंक म्हणजे कुलूप नव्हे. लिंक ज्याच्याकडे गेली त्याला व्हिडिओ दिसतो. टेलिग्रामवर कोर्स फिरायला लागतात ते असेच. विद्यार्थिनीचा मोबाइल क्रमांक व्हिडिओवर फिरता ठेवणारी सोय बऱ्याच कोर्स-ॲपमध्ये असते, ती चालू करावी. त्याने चोरी थांबत नाही, पण कोणाच्या खात्यातून फुटले ते कळते. त्यापलीकडे फार शक्ती खर्चू नये. फोटो तपासून मिळणारे उत्तर कोणालाही फॉरवर्ड करता येत नाही.

आणि पार्श्वसंगीतात सिनेमाची गाणी घालू नयेत. आपला व्हिडिओ कोणी चोरणे जसे, तसेच हेही.

विक्रीच्या पानाबद्दल कायदा स्पष्ट आहे आणि तो या जाहिरातदारांनाही लागू आहे. पान पुन्हा उघडले की नव्याने सुरू होणारे ‘फक्त 15 मिनिटे उरली’ हे घड्याळ म्हणजे खोटी घाई. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी काढलेल्या डार्क पॅटर्नविषयीच्या (ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन मांडणीविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांनी ती निषिद्ध ठरवली आहे. शेवटच्या पायरीवर अचानक वाढणारी किंमतही त्यातच येते. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क द्यावा लागतो, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात करावे लागते. घरातून नियमित धंदा म्हणून स्वतःची साइट चालवणाऱ्या बाईनेही हे पाळावे. परतफेडीचा नियम एका ओळीत, खरेदीच्या बटणाच्या वर लिहावा. ‘सात दिवसांत, पाचपेक्षा कमी धडे पाहिले असल्यास पूर्ण फी परत’ असे स्वच्छ लिहिले की भांडणे कमी होतात.

शेअर बाजार शिकवणाऱ्यांसाठी वेगळी अट आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने जानेवारी 2025 च्या परिपत्रकात केवळ शिक्षण देणाऱ्याला गेल्या तीन महिन्यांतले भाव दाखवून शिकवायला मनाई केली. ‘लाइव्ह मार्केटमध्ये शिका’ म्हणणाऱ्याकडे सेबीची नोंदणी आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारावे.

महोदय, आपल्या दैनिकातही ‘घरबसल्या कोर्स विकून लाखो कमवा’ अशा छोट्या जाहिराती येतात. अशी जाहिरात स्वीकारताना पूर्ण फी, परतफेडीची मुदत आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क या तीन गोष्टी जाहिरातीतच छापण्याची अट घालावी, ही विनंती. ज्यांचे पैसे आधीच अडकले आहेत त्यांनी पावती आणि विक्री-पानाचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

कळावे,
आपल्या नियमित वाचक,
कोर्स-निर्मितीचे काम करणाऱ्या दोन प्रशिक्षिका, सांगली