नव्वद दिवसांनी पुन्हा

प्रिय सुधा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. ‘माझ्या सोळा वर्षांच्या मुलीला एचआयव्हीची चाचणी? ती तसली नाही गं!’ हे वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. समुपदेशनाला बसते तेव्हा आयांच्या तोंडून हेच ऐकते, आणि शेजारी बसलेली मुलगी मान खाली घालते. ‘तसली’ ठरण्याची भीती तिला आजाराहून मोठी वाटते.

अगं, एकाच मुलावर जीव लावणारी मुलगीही धोक्यात असू शकते. त्याचं आधीचं आयुष्य तिला कुठं ठाऊक असतं? तो वयानं मोठा असला, तर ‘निरोध वापर’ म्हणायला तिची जीभ रेटत नाही. त्यात या वयात गर्भाशयमुखाचं आवरण नाजूक असतं, विषाणूला शिरकाव सोपा जातो. २०२३मध्ये जगभरात दर आठवड्याला १५ ते २४ वयाच्या सुमारे ४,००० मुलींना नव्यानं लागण झाली, असा यूएनएड्सचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाचा, अंदाज आहे. त्या सगळ्या काय ‘तसल्या’ होत्या?

आता मुद्द्याचं. संबंधानंतर तीन आठवड्यांनी केलेली लेकीची चाचणी निगेटिव्ह आली म्हणून तू सुटकेचा श्वास टाकलास. एवढ्यात नको. बोटातल्या रक्ताची झटपट चाचणी प्रतिपिंडं शोधते, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर जे घटक बनवतं ते, आणि ते तयार व्हायला वेळ लागतो. संबंध आल्यापासून ९० दिवस झाले की पुन्हा करायची. तोवर पुन्हा धोका पत्करायचा नाही.

संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायच्या गोळ्या असतात, त्यांनी लागण टाळता येते. ती वेळ आता निघून गेली; तुझ्या मनाला लागावं म्हणून नाही सांगत. माझ्याकडे एक मुलगी पाचव्या दिवशी आली होती. चार दिवस ती फक्त कुणाला सांगू, हेच शोधत होती. तिचा चेहरा मी विसरलेले नाही.

समजा चाचणी पॉझिटिव्ह आलीच, तरी रोजच्या औषधांनी तुझी लेक चारचौघींसारखं दीर्घ आयुष्य जगेल. रक्तातला विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर संबंधांतून दुसऱ्याला लागणही होत नाही.

तिच्या मनाविरुद्ध काही घडलं का, एवढं मात्र हळुवार विचार. उत्तर लगेच मागू नकोस.

नव्वदावा दिवस कोणता, तारीख कळव. मी येते. ती माझ्याशी एकटीनं बोलेल तेव्हा तू बाहेर बसायचंस, हे आधी कबूल कर.

तुझीच,
मालू