क्रूझवर भेटलेल्या वर्धेच्या काकूंना

नमस्कार काकू,

तुमचं नाव मला शेवटपर्यंत कळलंच नाही, तुमच्यासोबतची सगळी मंडळी तुम्हाला मोठी आई म्हणत होती आणि मी आपली काकू काकू करत राहिले. मी ती नागपूरची, डिसेंबरात मुंबई-गोवा क्रूझवर आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन आलेली. गोव्याला उतरताना एवढी गर्दी झाली की तुम्ही कोणत्या बसमध्ये बसलात तेही दिसलं नाही, भर गर्दीत लेकराला पाजताना तुम्ही मला सांभाळून घेतलंत त्याचे आभार मानायचे राहूनच गेले, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहून राहिली आहे. तुम्ही वर्धेकडच्या, अंगणवाडी सेविका म्हणून रिटायर झालेल्या, मुलानं फिरायला आणलं होतं, एवढंच मला माहीत आहे. कोणी ना कोणी तुमच्यापर्यंत पोचवेलच.

बाकीच्यांना आधी सांगते काय झालं ते. जहाज निघायच्या वेळी सगळ्या प्रवाशांची सेफ्टी ड्रिल घेतात, लाईफ जॅकेट कसं घालायचं, काही झालं तर कुठे जमायचं वगैरे. ती सगळ्यांना कंपल्सरी असते. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया नावाचं जहाज खडकावर आदळून कलंडलं, तेव्हा त्यातल्या शेकडो नवीन चढलेल्या प्रवाशांची ड्रिल झालेलीच नव्हती, त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम आणखी कडक केला की जहाज निघायच्या आधी किंवा निघाल्या निघाल्या ड्रिल व्हायलाच पाहिजे. ते अगदी बरोबरच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तोपर्यंत आम्ही रात्रभर दुरांतोनं येऊन, बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर बॅगा, पासपोर्ट-आधार, सिक्युरिटी, पुन्हा लाईन असं सगळं करून थकलेलो, पिल्लू नुकतंच खांद्यावर झोपलेलं, आणि जहाजावरच्या ड्रिलच्या हॉलमध्ये शेकडो लोक खांद्याला खांदा लावून उभे असताना भोंगा वाजला. सात छोटे आणि एक लांब, जगातल्या सगळ्या जहाजांवर धोक्याचा तोच इशारा असतो. मोठ्या माणसांच्या छातीत धस्स होतं, आठ महिन्यांच्या लेकराचं काय होणार. ती अशी किंचाळून उठली की आजूबाजूच्या लोकांनी कानावर हात ठेवले.

ज्यांनी अंगावर पाजलंय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. ती रडली आणि मला पान्हा फुटला, कुर्ता ओला व्हायला लागला, तिला फक्त जवळ यायचं होतं, दुसरं काही नको होतं, ना खुळखुळा ना बिस्कीट. मी भिंतीजवळ एका खुर्चीवर बसले आणि तिला घेतलं. मागून कोणीतरी हिंदीत म्हणालं की इथे सगळ्यांसमोर काय हे. मग युनिफॉर्ममधला एक मुलगा आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, मॅडम, प्लीज आप केबिन में चले जाइए. आणि त्याच वेळी माईकवर सांगणं चालू होतं की ड्रिल संपेपर्यंत कोणीही केबिनमध्ये जायचं नाही! मी जाऊ तर कुठे जाऊ? नवऱ्यानं बॅगेतला टॉवेल काढला आणि माझ्यासमोर दोन्ही हातांनी धरून उभा राहिला, त्या बिचाऱ्याला दुसरं काय सुचणार, पण त्यामुळे जे पाहत नव्हते तेही वळून पाहायला लागले. टॉवेलच्या आत गरम, पिल्लू टॉवेल ओढतंय, तोंडात घेतंय, सोडतंय, परत किंचाळतंय. माझे खांदे कानापर्यंत चढलेले. आणि दूध येईना. मघाशी आपोआप वाहत होतं ते थांबलंच.

तेव्हा मला तुमचा आवाज आला. "काहून रडून राहिलं वं लेकरू?"

काकू, त्या एवढ्या गर्दीत, हिंदी-इंग्रजी-गुजरातीच्या त्या कल्लोळात हे आपल्याकडचं बोलणं कानावर पडलं आणि मला रडूच आलं. तुम्ही सरळ येऊन शेजारच्या खुर्चीत बसलात. आधी माझ्या नवऱ्याला म्हणालात, "जवाईबापू, तुम्ही बसा बरं खाली. तुम्ही असे उभे राहाल तं सारे जण इकडंच पाहतीन." तो बसला. टॉवेल घडी करून माझ्या कोपराखाली ठेवलात. मग त्या युनिफॉर्मवाल्या मुलाकडे वळून, जरासुद्धा आवाज न चढवता, तुमच्या त्या हिंदीत म्हणालात, "भाऊ, इसको एक गिलास पानी लाके दो, गुनगुना. दूध पिलानेवाली को प्यास लगती."

मला वाटलं होतं तुम्ही त्याच्याशी भांडाल. मी स्वतः भांडायच्या तयारीत होते खरं म्हणजे, मनात वाक्यं जुळवत होते. तुम्ही त्याला काम दिलंत. तो क्षणभर तसाच उभा राहिला, मग गेला, आणि खरंच पाणी घेऊन आला. त्यानंतर त्या भागात कोणाला काही म्हणायचं उरलंच नाही, कारण जहाजाचाच माणूस मला पाणी देऊन राहिला होता. पाजताना एकदम घसा कोरडा पडतो हे मला रोज जाणवायचं पण त्याचं कारण मला नंतर कळलं, दूध सोडणारं जे ऑक्सिटोसिन हार्मोन आहे ते वाहायला लागलं की तहान लागते, आणि आई घाबरलेली, ताणात असली की तेच हार्मोन अडतं. म्हणजे लोक टकमका पाहतात तेव्हा दूध आटल्यासारखं वाटतं ते मनाचे खेळ नसतात, दूध असतं पण सुटत नाही. तुम्ही हे नाव न घेता सांगितलंत, "खांदे खाली सोड माय, अन् माह्याशी बोल. त्याच्याकडं नको पाहू." मग विचारलंत नागपुरात कुठं राहता, सासर कुठलं, गोकुळपेठच्या बाजारात वांगी काय भाव. मी वांग्यांचा भाव सांगता सांगता पिल्लू कधी प्यायला लागलं मला कळलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशीचं पण लिहिते, कारण ते अनेक आयांच्या उपयोगाचं आहे. लोक सहज म्हणतात, अगं रूम घेतलीये ना, रूममध्ये जाऊन पाज. आमची रूम आतल्या बाजूची, खिडकी नसलेली, जहाजाच्या एका टोकाला, तिथपर्यंत जायचं म्हणजे लिफ्टची वाट, मग तो न संपणारा कॉरिडॉर. रात्री जहाज उघड्या समुद्रात आलं आणि डोलायला लागलं तेव्हा त्या बंद खोलीत मान खाली घालून पाजताना मला इतकं मळमळलं की विचारू नका. सकाळी तुम्हाला सांगितलं तर तुमच्या मुलानं समजावलं, जहाजाच्या टोकांना हलणं सगळ्यात जास्त असतं आणि मधोमध, खालच्या मजल्यांवर सगळ्यात कमी, आणि डोळ्यांना लांबवर क्षितिजाची रेघ दिसत राहिली की मळमळ कमी होते. मग तुम्हीच मधल्या डेकवरची ती काचेजवळची जागा शोधलीत, पाठीला भक्कम टेका असलेली. पाय जमिनीला टेकव, मांडीवर उशी घे, आपण लेकराकडे वाकायचं नाही तर लेकराला आपल्याकडे आणायचं, त्याचं पोट आपल्या पोटाला लागलं पाहिजे, नुसतं टोक नाही तर भोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे. हे सगळं मला बाळंतपणात हॉस्पिटलमध्ये घाईघाईत कोणीतरी सांगून गेलं होतं, पण हलत्या जहाजावर त्याचा अर्थ कळला. उलटीची गोळी घ्यायच्या आधी जहाजावरच्या डॉक्टरला मी पाजते हे सांगायला लावलंत तेही तुम्हीच, कारण सगळ्या गोळ्या पाजणाऱ्या बाईला चालत नाहीत.

आणि तो युनिफॉर्मवाला मुलगा. दुपारी आम्ही जेवायला गेलो तर त्यानं न विचारता हाताची खुर्ची ओढून दिली आणि शेजारी पाण्याचा ग्लास आणून ठेवला. त्याला हे कोणी ट्रेनिंगमध्ये शिकवलं नसणार. तुम्ही एकदा सांगितलंत, त्यानं लक्षात ठेवलं. त्याचेही मनापासून आभार, त्याच्यावर माझा काहीच राग नाही.

मला एक गोष्ट मात्र अजून खटकते. येताना दुरांतोत मी रात्रभर पाजलं, समोरच्या बर्थवरच्या आजी उलट म्हणाल्या पोरगी भुकेली दिसते, पाज पाज. आपल्याकडे शेताच्या धुऱ्यावर, एसटीत, लग्नाच्या मांडवात बाया पाजतात, कोणी मान वर करून बघत नाही. मग काचेचे झुंबर आणि गालिचे आले की त्याच लोकांना काय होतं? बऱ्याच क्रूझवर सहा महिन्यांच्या आतलं बाळ घेतच नाहीत, म्हणजे सहा महिने झालेलं चालतं. आता पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध आणि मग वरच्या अन्नासोबत दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही पाजा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तुम्ही तर हेच घरोघरी सांगत फिरलात, पहिल्या तासात छातीशी लावा, चीक फेकू नका म्हणून. मग तिकीट काढून जे बाळ जहाजावर येतं ते पिणारंच असणार हे जहाजवाल्यांना माहीत असायला नको का?

नागपूरला आल्यावर नणंदेला सगळं सांगितलं, ती हायकोर्टात वकिली करते. तिनं सांगितलं की फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती वराळे यांचा, सार्वजनिक ठिकाणी किंवा कामाच्या जागी आईनं बाळाला पाजणं याला कलंक समजू नये असं त्यात स्पष्ट म्हटलंय, आणि सार्वजनिक इमारतींत पाजण्यासाठी वेगळ्या खोल्या करायला राज्यांना सांगितलंय. आपल्याकडे तर एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष आहेतच. २०२२ च्या हिवाळी अधिवेशनात देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन आल्या तेव्हा आपल्या नागपूरच्या विधानभवनातही हिरकणी कक्ष केला गेला. मला याचा आनंदच आहे, खोल्या पाहिजेतच, ज्या बाईला आडोसा हवा तिला तो मिळालाच पाहिजे. पण जिच्या नावानं त्या खोल्या आहेत ती गवळण रायगडाचा कडा उतरून गेली ती घरी तान्हं एकटं होतं म्हणून, दरवाजे बंद झाले होते म्हणून. माझं लेकरू माझ्या मांडीवर होतं. मला कुठे जायचंच नव्हतं, मला तिथेच बसू द्यायला हवं होतं, आणि तेवढं तुम्ही करून दिलंत. माझ्या अंगावर ओढणी टाकायला कितीतरी जणी आल्या असत्या, शेजारी बसून वांग्यांचा भाव विचारणाऱ्या तुम्हीच.

आता घरची खुशाली. पिल्लूला वरचे दोन दात आलेत आणि मध्ये तिनं चावायला सुरुवात केली होती. तुम्ही सांगितलं होतं तसं तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून करंगळी सरकवून आधी तोंड सोडवते, ओढत नाही, आणि "नाही" म्हणून थोडा वेळ थांबते. आता कमी झालंय. सीताबर्डीला खरेदीला गेले की दुकानात स्टूल मागून घेते आणि पाजते, सोबत पाणी मागते. बहुतेक दुकानदार देतात. मेट्रोत मागच्या आठवड्यात एक नवी नवी आई कोपऱ्यात अवघडून बसली होती, बाळ रडत होतं, मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारलं कुठे उतरणार. तिला खापरीला जायचं होतं. मला आधीच उतरायचं होतं पण मी तिच्याबरोबर खापरीपर्यंत गेले.

काकू, मार्चमध्ये पिल्लूचा पहिला वाढदिवस आहे, घरच्या घरीच करतोय, सांबारवडी आणि झुणका नक्की असेल. तुम्ही आणि तुमच्या घरचे सगळे आलात तर मला फार बरं वाटेल. तुम्ही म्हणाला होतात की मोबाईलवरचं बारीक अक्षर आता दिसत नाही, तर काकूंना ओळखणाऱ्या ज्या कोणाच्या हाती हे पडेल त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवा, आणि मला मेसेज करा म्हणजे मी फोन करते.

तुमची,
नागपूरची पिल्लूची आई