हातून पडलं

चिंचवड,
रविवार, रात्री

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

मघाशी फोनवर तू औषधाच्या दुकानातला किस्सा सांगितलास आणि आम्ही दोघं हसत सुटलो, म्हणून रुसलीस. आता आई झोपलीय आणि मी एकटाच हसतोय. नाक गळतंय, घसा बसलाय, अशी तू काउंटरपाशी उभी. बाईने मायेने विचारलं, "एस्तास कोन्स्तिपादा?" आणि तू जोरजोरात मान हलवून "नो, नो, नो!" अगं, स्पॅनिशमध्ये कोन्स्तिपादा म्हणजे सर्दी झालेली. पोट साफ होत नसेल तर त्याला शब्द वेगळा, एस्त्रेन्यीदा. इंग्रजीतल्या 'कॉन्स्टिपेटेड'ने तुला भर दुकानात तोंडघशी पाडलं.

पण मला लागलं ते तुझं पुढचं वाक्य. बाई इंग्रजीत बोलायला लागली आणि "सुटले बाबा एकदाची" असं तू म्हणालीस. त्या सुटण्याबद्दल लिहायला बसलोय. हाताने लिहून फोटो पाठवीन. माझं अक्षर लावायला तुला वेळ लागेल, लागू दे.

दीड वर्ष झालं तुला स्पेनमध्ये, वलेन्सियात. ऑफिस इंग्रजीत, घरात एक डच आणि एक आयरिश पोरगी, भाजी आणतेस ती सुपरमार्केटच्या मशीनवर स्वतःच बिल करून. "इथे इंग्रजीवर भागतं" हे तू इतक्यांदा म्हणालीस की आई आता शेजारणींना तसंच सांगते. माझं भागलं नव्हतं, मनू. ते किती चांगलं झालं हे मला आता कळतंय.

२०११ साली कंपनीने मला मेक्सिकोत केरेतारोला पाठवलं तेव्हा तू नववीत होतीस. मशिनी बसवून द्यायच्या आणि ६ महिन्यांत परत यायचं, असं ठरलं होतं. राहिलो ३ वर्षं. माझं इंग्रजी म्हणजे आयटीआयचं. ड्रॉइंग वाचण्यापुरतं, साहेबाला 'येस सर' म्हणण्यापुरतं. आमच्याबरोबर आलेल्या मॅनेजरचं इंग्रजी मात्र फर्डं. त्यांना दुभाष्या दिला होता. ३ वर्षांनी निघताना त्यांना 'ग्रासिआस' आणि 'सेर्बेसा' एवढंच येत होतं, म्हणजे धन्यवाद आणि बिअर. मला दुभाष्या नव्हता. ऑपरेटरला इंग्रजी येत नव्हतं आणि मलाही जेमतेमच, म्हणून आम्ही बरोबरीत होतो. मी खिशात वही ठेवायचो, वस्तूकडे बोट दाखवायचो आणि नाव देवनागरीत लिहून घ्यायचो. लेथ म्हणजे तोर्नो, स्क्रू म्हणजे तोर्नियो, ड्रिल म्हणजे ब्रोका. देवनागरीत लिहिलं की उच्चार निम्मा तिथेच सुधारतो. इंग्रज माणूस ताकोला 'थाको' म्हणतो, आपल्याला सरळ त आहे. फक्त 'ओला' म्हणताना सुरुवातीला मला हसू यायचं. भेटल्या माणसाला काय ओला?

पहिली फजिती 'आओरिता'ची. तेल कधी बदलतोस विचारलं की ऑपरेटर म्हणायचा, आओरिता. डिक्शनरीत पाहिलं: आत्ता, लगेच. मी मशीनपाशी उभा. अर्धा तास गेला, जेवणाची सुट्टी झाली, तेल तसंच. मी चिडलो. मग आठवलं, आपण तरी काय करतो? कोपऱ्यावरच्या पानटपरीवर उभं राहून फोनवर "आलोच" म्हणतो. आओरिता म्हणजे 'आलोच'. इंग्रजीत अर्थ शोधत होतो म्हणून राग येत होता. मराठीत सापडला आणि राग गेला.

आता मुख्य गोष्ट. एके दिवशी माझ्या हातून मायक्रोमीटर पडला, बारीक मापं घ्यायचं ते उपकरण. नवा होता, फरशीवर आपटला आणि त्याची दांडी वाकली. सगळे बघायला लागले. प्रामाणिकपणे कबूल करावं म्हणून मी मनात मराठी वाक्य केलं, त्याचं इंग्रजी केलं, इंग्रजीचं स्पॅनिश केलं आणि मोठ्याने बोललो: "यो रोम्पी एल मिक्रोमेत्रो." मी मायक्रोमीटर मोडला. म्हणजे जसा काही मी तो हातोडीने ठेचलाय. तिथले फिटर साठीच्या घरातले, सगळे त्यांना माएस्त्रो म्हणायचे. तिकडे गवंडी, प्लंबर, सुतार, सगळ्यांनाच माएस्त्रो म्हणतात. आपला 'मिस्त्री' पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आलाय, त्याचाच हा सख्खा भाऊ. तर माएस्त्रोंनी मान हलवली. माझ्यासमोर तळहात धरला, त्यावर एक नट ठेवला, हळूच हात कलता केला. नट खाली पडला. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "से. मे. कायो."

ते वाक्य मी वहीत लिहिलं आणि रात्री खोलीवर त्याच्याकडे बघत बसलो. 'कायो' म्हणजे पडलं. 'मे' म्हणजे मला, माझ्याकडे. ते आपोआप पडलं आणि भोगायचं मला. माझ्या हातून पडलं! हे वाक्य माझ्याकडे जन्मापासून होतं. मी ते सोडून इंग्रजीच्या दारात उसनं मागायला गेलो होतो, जिथे कबुली द्यायची तर 'मी पाडलं' असंच म्हणायची सवय. दुसऱ्या दिवशी बस चुकली तेव्हा माएस्त्रोंनीच पुढचं दिलं: 'से मे इसो तार्दे'. मला उशीर झाला. 'आय अॅम लेट' म्हणजे उशीर करणारा मी. 'मला उशीर झाला' म्हणजे उशीर झाला बुवा, आता काय करणार! मेक्सिकन माणूस आणि आपण, दोघांनाही ही सोय लागते.

त्या रात्रीपासून मधलं स्टेशन बंद केलं. तू मोबाइलवर शिकतेस ते सगळं इंग्रजीतून. 'मे गुस्ता एल काफे' तिथे एक विचित्र प्रकार म्हणून शिकवतात, कॉफी मला आवडवून घेते वगैरे काहीतरी. तू आईला विचार. ती पाचवी पास पोरीलाही सांगेल, मला कॉफी आवडते. आंबे आले की 'मे गुस्तान', आवडतात. क्रियापद कॉफीच्या आणि आंब्यांच्या मागे जातं, माझ्या मागे नाही. यात अवघड काय आहे? तसंच ते 'आ'चं. 'बेओ ला कासा', घर बघते. 'बेओ आ मि मादरे', आईला बघते. माणूस आला की 'आ' येतो, आपल्याकडे 'ला' येतो. घराला बघते असं आपण म्हणतो का? आणि ते दोन भूतकाळ, ज्यावर तू गेल्या आठवड्यात वैतागली होतीस. 'फुइमोस' म्हणजे गेलो. 'इबामोस' म्हणजे जायचो. काल आजीकडे गेलो. लहानपणी दर रविवारी आजीकडे जायचो. तुझ्या इंग्रजीला दोन्हीकडे 'वेंट'च पुरतं, म्हणून तुला फरक दिसत नाही.

लिंगाचं तर विचारूच नकोस. समस्या 'एल प्रोब्लेमा' का आणि हात 'ला मानो' का, म्हणून इंग्रजांनी रडावं. आपण एकाच हातावर तिन्ही लिंगं घेऊन फिरतो: तो हात, ती करंगळी, ते बोट. का, ते कुणी कधी विचारलं नाही.

अर्थात सगळं मराठीतून सुटत नाही. 'सेर' आणि 'एस्तार' दोघांनाही आपण 'आहे' म्हणतो आणि अडकतो. 'एस लिस्ता' म्हणजे हुशार आहे, 'एस्ता लिस्ता' म्हणजे तयार आहे. तू पहिली आहेस, दुसरी कधीच वेळेवर नसतेस. आणि इंग्रजीलाही मी शिव्या घालत नाही. शब्दांचा साठा तिच्याकडे मोठा आहे. 'शन'ने संपणारे निम्मे शब्द 'सिओन' लावून चालतात, तुमच्याकडे 'थिओन'. शब्द तिच्याकडून घे, पण वाक्य तिच्याकडून घेऊ नकोस.

एका सुट्टीत मेक्सिको सिटीला गेलो होतो. तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत दिएगो रिवेराची भित्तिचित्रं आहेत आणि त्यातल्या एकात आपले पांडुरंग खानखोजे आहेत. वर्ध्याचा माणूस. गदर चळवळीच्या धामधुमीतून देशोदेशी फिरत मेक्सिकोला पोचला, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवायला लागला, मक्यावर संशोधन केलं. मी त्या भिंतीसमोर बराच वेळ उभा होतो. हा माणूस तिथल्या शेतकऱ्यांशी इंग्रजीत तर बोलत नसणार.

आता जे फोनवर म्हणता येत नाही ते लिहितो. तुला स्पॅनिश जमत नाही हे मला पटत नाही. तुझं अडतंय ते दुसरीकडेच. इंग्रजीत तू मीटिंग चालवतेस, लोक तुला हुशार समजतात. स्पॅनिशमध्ये तोंड उघडलंस की तू ४ वर्षांची होतेस. मग समोरच्याने इंग्रजी काढलं की तुला हायसं वाटतं. मला ते वाटायची सोयच नव्हती, कारण इंग्रजीतही मी काही फार मोठा नव्हतो. तुला इंग्रजी शाळेत घातलं मी. आई नको म्हणत होती. साहेबांपुढे मी कसा मुका उभा राहायचो ते मला माहीत होतं आणि तुझ्यावर ती वेळ येऊ नये एवढंच डोक्यात होतं. आली नाही, छान झालं. पण लपायला घर बांधून दिलं तेही मीच.

गेल्या मे महिन्यात आम्ही तुझ्याकडे आलो होतो तेव्हाचा तो मोठा बाजार आठव, मेर्कात सेंत्राल. (पाट्या वलेन्सियन भाषेतल्या म्हणून तू गोंधळतेस. रस्त्याला त्या 'कारेर' म्हणतात, तू 'काये' शीक, माणसं दोन्ही समजतात.) तिथे रांग दिसत नव्हती. एक म्हातारी आली आणि हवेत विचारलं, "किएन एस ला उल्तिमा?" शेवटची कोण? कुणीतरी हात वर केला, म्हातारी निवांत बाजूला जाऊन उभी राहिली. मला ते फार आवडलं. मीही विचारलं आणि नंबर आल्यावर ऐटीत अर्धा किलो 'एखोतेस' मागितल्या. भाजीवाला नुसता बघतच राहिला. मी फरसबीकडे बोट केलं तसा तो हसला, "आ, खुदीआस बेर्देस!" आणि मला म्हणाला, तुम्ही मेक्सिकन का? तू मागे उभी होतीस, आईला सगळं इंग्रजीमिश्रित मराठीत समजावत. माझी मान किती ताठ झाली होती ते तू पाहिलं नाहीस. ५७ वर्षांचा चिंचवडचा टर्नर, आणि चूक कुठली केली तर मेक्सिकन माणूस करतो ती!

तेव्हा दोन कामं कर. तुमच्याकडे एस्क्वेला ओफिसिआल दे इदिओमास म्हणून सरकारी भाषाशाळा असते, फी खासगी क्लासपेक्षा खूप कमी. तिथे नाव घाल. नागरिकत्वासाठी पुढे 'देले' परीक्षा लागते वगैरे तू सांगत होतीस, त्यासाठी मी म्हणत नाहीये. दुसरं, शनिवारी त्या बाजारात एकटी जा. समोरचा इंग्रजीत शिरला तर हसून 'एन एस्पान्योल, पोर फाबोर' म्हण आणि खुशाल चुका कर. पैसे जास्त गेले तर गेले, मी पाठवतो.

सर्दी गेली का, असं आईने विचारायला सांगितलंय. तिला मराठीत कळव. मला स्पॅनिशमध्ये.

तुझा,
बाबा

ता. क. बस पकडायला तुमच्याकडे 'कोखेर' म्हणतात ना? तिथे खुशाल म्हण. कुणा मेक्सिकन माणसासमोर मात्र चुकूनही म्हणू नकोस. मी पहिल्याच महिन्यात अख्ख्या कँटीनमध्ये म्हणालो होतो. अर्थ पत्रात लिहिता येत नाही, पत्र आईही वाचते.