कक्षा टिकली म्हणजे ग्रह जन्मला असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विज्ञान पुरवणीतला जोडताऱ्यांच्या ग्रहांवरचा लेख आवडला. अशा विषयाला मराठी दैनिकात अर्धे पान मिळते, हेच विशेष. पण ‘कक्षा स्थिर असेल तर तिथे ग्रह असणारच’ हे त्यातले विधान पटले नाही. ग्रह टिकणे वेगळे आणि ग्रह घडणे वेगळे.

सर्वांत जवळची जोडी घ्या. नरतुरंग तारकासमूहातला ‘मित्र’ हा तारा, म्हणजे अल्फा सेंटॉरी, ४.३७ प्रकाशवर्षे दूर. (ठाण्यातून मेअखेरीस रात्री अकराच्या सुमारास तो दक्षिण क्षितिजाच्या जेमतेम १० अंश वर येतो. टॉवर आणि धुरकट हवा यांतून दिसला तर नशीब.) त्याचे दोन मुख्य तारे सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती फिरतात. पृथ्वी-सूर्य अंतर हे एक एकक धरले, तर ते ११ एककांपर्यंत जवळ येतात आणि ३५ पर्यंत दूर जातात. यातल्या मोठ्या ताऱ्याभोवती अडीच-तीन एककांपर्यंतच्या कक्षा अब्जावधी वर्षे टिकू शकतात, हे गणित लेखात बरोबर आहे. अडचण त्याआधीची आहे.

तारा नवा असताना त्याच्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी असते. जोडीदार तारा तिची बाहेरची कड खातो. मित्राच्या बाबतीत ती तीन-चार एककांतच संपली असणार. माल कमी, बर्फ तर त्याहून कमी. शिवाय तारे ४० एककांहून जवळ असतील, तर बहुतेक तबकड्या दहा-एक लाख वर्षांतच विरतात. एकट्या ताऱ्याची तबकडी बऱ्याचदा याच्या काही पट टिकते. गुरूसारखा ग्रह व्हायचा तर वायू संपण्याआधी त्याचा गाभा तयार हवा.

खरी मेख टकरींत आहे. किलोमीटरभर त्रिज्येच्या खडकाचा मुक्तिवेग (त्याच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग) सेकंदाला जेमतेम एक मीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाएवढा. दोन खडक साधारण याच वेगाने भेटले तर चिकटतात, फार जोरात आदळले तर भुगा होतो. जोडीदाराच्या ओढीने त्यांच्या कक्षा लंबगोल होतात. सगळ्यांच्या सारख्याच आणि एकाच दिशेने लांबल्या असत्या तर बिघडले नसते. पण वायूचा विरोध लहान खडकाला जास्त जाणवतो, मोठ्याला कमी. त्यामुळे वेगवेगळ्या आकारांच्या खडकांच्या कक्षा एकमेकींना छेदू लागतात. एका एककावर कक्षेतला वेग सेकंदाला ३० किलोमीटर आहे. लंबगोलपणात (वर्तुळ म्हणजे शून्य) ०.०१ इतकाच फरक पडला, तरी टक्कर सेकंदाला ३०० मीटरच्या घरात जाते. म्हणून साध्या प्रारूपांत मित्राभोवती अर्ध्या-पाऊण एककापलीकडे खडक वाढण्याऐवजी झिजतात. कक्षा टिकते तीन एककांपर्यंत, ग्रह घडतो त्याच्या पावभागात. लेखातून निसटले ते हेच.

तरी निसर्गाने वाट काढलेली दिसते. गॅमा सेफी या जोडीत तारे सरासरी २० एककांवर आहेत आणि एकाभोवती दोन एककांवर मोठा ग्रह आहे. गारगोट्यांएवढे कण वायूच्या प्रवाहात दाटून थेट शंभर किलोमीटरचे गोळे बनत असतील, तर किलोमीटरभर आकाराची धोक्याची पायरी गाळता येते. सध्या हा खुलासा मला सर्वांत पटण्यासारखा वाटतो.

दोन्ही ताऱ्यांना मिळून फेरी घालणाऱ्या ग्रहांची गोष्ट निराळी. २०११ मध्ये जाहीर झालेल्या केप्लर-१६बी या ग्रहाचे तारे ०.२२ एककांवर, ४१ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात, ग्रह ०.७ एककांवर, २२९ दिवसांत. तारे मधला भाग झाडून पोकळ करतात. पोकळीच्या कडेजवळ टकरी फार जोराच्या, म्हणून ग्रह बाहेर घडला आणि सरकत येऊन कडेपाशी थांबला, असे मानतात. असे बरेच ग्रह स्थिरतेच्या मर्यादेच्या जरा बाहेरच सापडले आहेत, हे त्याला धरूनच आहे.

लेखासोबतचे दोन सूर्यास्तांचे चित्र या दुसऱ्या प्रकाराला शोभते. ओळ मात्र ‘अल्फा सेंटॉरीचा ग्रह’ अशी छापली आहे. तिथल्या मोठ्या ताऱ्याच्या ग्रहावरून धाकटा तारा नुसता ठिपका दिसेल, पौर्णिमेच्या चंद्राहून शेकडो पट तेजस्वी असला तरी. तेवढी ओळ पुढच्या अंकात दुरुस्त करावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, पाचपाखाडी, ठाणे