धावण्याला गुण नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहाटे पाचला तालुक्याच्या कोणत्याही मैदानावर जा, सोळाशे मीटरच्या फेऱ्या मारणारी पोरे दिसतात. त्यातली बरीचशी पोलीस किंवा अग्निवीर भरतीची असतात. अलीकडे त्यांच्यातच 'एनडीएची', म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची, 'बॅच'ही पळताना दिसते. फलक एकच, शिट्टी एकच आणि फी मात्र दुप्पट. खडकवासल्याला जाऊ इच्छिणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलामुलींच्या पालकांना या गल्लतीबद्दल काही सांगावे, म्हणून हे पत्र.

भरतीत १,६०० मीटरला गुण असतात. एनडीएची निवड एकूण १,८०० गुणांची आहे : गणित ३००, सामान्य क्षमता चाचणी ६०० आणि सेवा निवड मंडळ, म्हणजे एसएसबी, ९००. यात धावण्याला एकही गुण नाही. पळू नये असे नव्हे, त्याचे काम पुढे आहेच. पण सकाळचे दोन तास मैदानावर घालवून थकलेला मुलगा कॉलेजात पेंगत असेल, तर तो चुकीच्या परीक्षेची तयारी करतो आहे.

लेखी परीक्षेत आपली मुले मार खातात ती सीईटीच्या सवयीमुळे. एमएचटी-सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत उरलेल्या प्रश्नांना अंदाजाने पर्याय निवडून टाकायचे हे अंगवळणी पडलेले असते. एनडीएत एकतृतीयांश गुण कापले जातात. गणिताचे १२० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण, चुकले की ०.८३ वजा. एकाने सगळे १२० सोडवले आणि ४५ बरोबर आले, तर ११२.५ मधून ६२.५ गेले, उरले ५०. दुसऱ्याने ६०च सोडवले, ४८ बरोबर आले, तर १२० मधून १० गेले, उरले ११०. बरोबर उत्तरे फक्त तीन जास्त, पण गुण दुपटीहून अधिक. शिवाय प्रत्येक विषयात किमान २० ते २५ टक्के गुणांची अट असते, त्यामुळे पहिला मुलगा सामान्य ज्ञानात कितीही हुशार असला तरी तिथेच बाद.

अंदाजाने उत्तर द्यायचे की नाही, याचाही हिशेब सोपा आहे. चारही पर्याय सारखेच वाटत असतील तर ठोकून दिलेल्या उत्तराची सरासरी कमाई बरोबर शून्य होते. एक पर्याय खात्रीने खोडता आला तर ती थोडी जमेकडे झुकते, दोन खोडता आले तर चांगलीच झुकते. खोडता काहीच येत नसेल तर सोडून द्यायचे. हे कळून भागत नाही. प्रत्येक सराव पेपरनंतर 'येत होते', 'एक-दोन पर्याय खोडून दिले' आणि 'ठोकले' असे तीन रकाने करून प्रत्येकात किती बरोबर आले ते मांडावे. आठ-दहा पेपर झाले की मुलाला स्वतःच्या अंदाजाची लायकी कळते.

१५० मिनिटांत १२० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ७५ सेकंद. बोर्डाच्या परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात, म्हणून मुले इथेही पायऱ्या लिहीत बसतात. पर्यायातल्या किमती समीकरणात घालून पाहणे, कोनाला ३० किंवा ४५ अंश धरून त्रिकोणमितीचे नित्यसमीकरण तपासणे, ही बोर्डात चोरी वाटणारी पद्धत इथे रीत आहे. भौतिक-रसायनात लॉग टेबलची सवय लागलेली असते. इथे लॉग टेबल नाही, कॅल्क्युलेटर नाही, आकडेमोड हातानेच.

आणि अकरावी. सीईटीत अकरावीचा भाग साधारण २० टक्के, म्हणून क्लासवाले ती उरकतात. एनडीएत त्रिकोणमिती, संच, संमिश्र संख्या, द्विपद प्रमेय, सांख्यिकी यांवर भरपूर प्रश्न येतात. त्यात द्विमान (बायनरी) संख्यापद्धतीसारखी, बारावीच्या गणिताच्या पुस्तकात न भेटणारी प्रकरणेही आहेत. ती दोन दिवसांत होतात आणि गुण हमखास देतात. सदिश, निश्चयक आणि संभाव्यता ही त्यानंतरची किफायतशीर प्रकरणे. समाकलनात अडकून पडू नये.

उत्तरपत्रिका काळ्या बॉलपेनने भरायची असते, काळा केलेला गोल बदलता येत नाही. प्रश्न सोडत सोडत पुढे गेले की ओळ चुकते आणि तिथून पुढचे सगळे एक घर सरकते. दर दहा प्रश्नांनी प्रश्नक्रमांक आणि गोलाचा क्रमांक जुळवून पाहायची सवय सराव पेपरातच लावावी लागते.

सामान्य क्षमता चाचणीत १५० प्रश्न आहेत, प्रत्येकी चार गुण. त्यातले ५० प्रश्न, म्हणजे २०० गुण, एकट्या इंग्रजीचे : वाक्यातली चूक शोधणे, शब्दांची आणि वाक्यांची जुळणी, समानार्थी-विरुद्धार्थी, वाक्प्रचार, उतारे. उरलेल्या ४०० मध्ये भौतिकशास्त्र १००, रसायन ६०, सामान्य विज्ञान ४०, इतिहास आणि स्वातंत्र्यलढा ८०, भूगोल ८०, चालू घडामोडी ४०. आता पालकच पाहोत : ज्या ४० गुणांसाठी मुले रोज चालू घडामोडींची मासिके पाठ करतात, त्याच्या पाचपट इंग्रजी आहे. बाकीचा पेपर हिंदी व इंग्रजीत असतो, मराठीत नाही. मराठी माध्यमाच्या मुलांना 'जडत्व', 'अपवर्तन' येते, पण त्याचा इंग्रजी शब्द परीक्षेच्या खोलीत आठवत नाही. दहावीपर्यंतच्या विज्ञान-भूगोलातल्या संज्ञांची दुभाषी वही करणे हा यावरचा स्वस्तातला उपाय आहे. २०२१ ते २०२४ या वर्षांत लेखीचा कटऑफ ९०० पैकी साधारण २९० ते ३६० राहिला. म्हणजे सगळे यायला हवे असे अजिबात नाही. जे येते ते चुकता कामा नये.

इथपर्यंतची तयारी क्लास थोडीफार करून घेतात. खरी फसगत एसएसबीत होते, कारण तिथे 'तयार उत्तरे' विकली जातात.

एसएसबी पाच दिवसांची. पहिल्या दिवशी बुद्धिमापन चाचणी आणि एका धूसर चित्रावरची गोष्ट : चित्र ३० सेकंद दिसते, एका मिनिटात पात्रांचे वय, लिंग, मनःस्थिती टिपायची, चार मिनिटांत गोष्ट लिहायची. मग गटात प्रत्येकाने एका मिनिटात ती सांगायची आणि सगळ्यांनी चर्चा करून एकच गोष्ट ठरवायची. या चर्चेला उमेदवारांत 'फिश मार्केट' म्हणतात. पंधरा जण एकदम ओरडत असतात. तिथे दहा वेळा तोंड घालण्यापेक्षा तीनदाच, पण आधीच्या माणसाचा मुद्दा धरून बोललेले लक्षात येते. इंग्रजी अडले आणि मध्ये हिंदी आली तर बिघडत नाही, गप्प बसले तर बिघडते. दुपारी निकाल लागतो आणि बरीच मुले 'स्क्रीन आऊट' होऊन संध्याकाळच्या गाडीला लागतात. ही शक्यता घरातून निघतानाच मुलाशी बोलून ठेवावी.

दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रीय चाचण्या. बारा चित्रांच्या गोष्टी (शेवटचे चित्र कोरे), प्रत्येकीला चार मिनिटे. मग ६० शब्द, दर १५ सेकंदांना एक, त्यावर सुचेल ते वाक्य. मग ३० मिनिटांत ६० प्रसंग, प्रत्येकात आपण काय कराल ते लिहायचे, म्हणजे प्रसंगाला अर्धे मिनिट. शेवटी १५ मिनिटांत स्वतःचे वर्णन. जवळजवळ दोन तास हात थांबत नाही. रोज टंकलेखनाची सवय असलेल्या मुलांचा हात इथे दुखायला लागतो आणि शेवटच्या वीस प्रसंगांची जागा कोरी राहते. चार मिनिटांत हाताने ऐंशी-नव्वद शब्द लिहून होतात, त्यामुळे गोष्ट तेवढ्यातच मावली पाहिजे : कोण, आधी काय झाले, आता काय करतो आहे, शेवट काय.

पाठांतर कसे पकडले जाते त्याचे एक उदाहरण देतो. 'रुळाची फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) निघालेली दिसली' हा जुना, घासून गुळगुळीत झालेला प्रसंग. ठरलेले उत्तर : 'अंगातला लाल शर्ट काढून हलवला आणि गाडी थांबवली.' योगायोगाने प्रत्येकाच्या अंगात त्या दिवशी लाल शर्टच असतो. साधे उत्तर असे : जवळच्या गेटमनला सांगितले, १३९ वर फोन केला, सोबतच्या मित्राला गाडी येण्याच्या दिशेला पुढे पाठवले, रेल्वेची माणसे येईपर्यंत तिथेच थांबलो. यात शौर्य कमी, पण क्रम आहे, दुसऱ्याला कामाला लावणे आहे आणि काम पुरे होईपर्यंत न हलणे आहे. मंडळ जे पंधरा स्वभावगुण पाहते ते अशा उत्तरांत आपोआप उतरतात. गोष्टींचेही तेच. बाराही गोष्टींत नायक परीक्षेत पहिला येऊन अधिकारी होत असेल, तर वाचणाऱ्याला उमेदवार दिसत नाही, क्लास दिसतो. शिवाय उमेदवाराच्या गोष्टी, मैदानावरचे वागणे आणि मुलाखतीतले बोलणे हे तीन वेगवेगळे अधिकारी स्वतंत्रपणे तपासतात. कागदावर शूर आणि मैदानावर मुका, हे पाचव्या दिवशीच्या कॉन्फरन्समध्ये एका टेबलावर येते.

मुलाखतीचा पाया म्हणजे पहिल्या दिवशी भरलेला पीआयक्यू, म्हणजे वैयक्तिक माहितीचा, फॉर्म. त्यात सर्वाधिक काळ राहिलेल्या गावाची लोकसंख्यासुद्धा विचारलेली असते. अधिकारी एका दमात सात-आठ प्रश्न विचारतो : दहावीला किती, कोणत्या विषयात कमी, का, आवडते शिक्षक, नावडते, जिवलग मित्र, त्याच्यातला दोष. क्रमाने, न विसरता उत्तर देण्याचा सराव घरी होऊ शकतो, त्याला क्लास लागत नाही. गाव कृष्णाकाठी असून कृष्णा कुठे उगम पावते ते सांगता येत नाही, छंद 'वाचन' लिहिलाय आणि शेवटचे पुस्तक आठवत नाही, असली उत्तरे मुलाला उघडे पाडतात. फॉर्ममध्ये छंद एकच लिहा, पण खरा लिहा.

मैदानावरच्या गटकार्यांत फळी, बल्ली आणि दोर घेऊन अडथळे ओलांडायचे असतात. चार फुटांपेक्षा जास्त अंतर उडी मारून पार करता येत नाही, दोन वस्तू जोडायच्या तर बांधाव्या लागतात, लाल भागाला हात-पाय लावायचा नाही. आता फळी पुढे काढायची, तिच्या मागच्या टोकावर दोघांनी उभे राहायचे आणि हलक्या मुलाने पुढे जायचे, हे अकरावीचे बल आघूर्णच आहे. ज्याला ते कळते तो ओरडत नाही, फळीच्या मागच्या टोकाकडे बोट दाखवतो. वैयक्तिक अडथळे मात्र दहा, वेळ तीन मिनिटे. इथे शरीर लागते.

शरीराची खरी गरज निवडीनंतर. प्रबोधिनीत जाण्यापूर्वी २.४ किलोमीटर १५ मिनिटांत, प्रत्येकी २० जोर आणि सिट-अप, ८ चिन-अप आणि ३-४ मीटर दोरावर चढणे एवढे जमावे, असे केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या (यूपीएससी) अधिसूचनेतच लिहिलेले आहे. ते सहा महिन्यांत, दिवसाला पाऊण तास देऊन, हळूहळू वाढवत होते. शेवटच्या महिन्यात एकदम डांबरी रस्त्यावर दहा-दहा किलोमीटर पळणारी मुले नडगीचे दुखणे घेऊन जातात आणि पहिल्या सत्रातच मागे पडतात. आत गेल्यावर पहाटेच्या पीटीनंतर जेएनयूच्या पदवीचे तास असतात. अभ्यास, शरीर किंवा शिस्त यांत अडकले की सत्र पुन्हा करावे लागते. कानातला मळ, किडलेले दात, वाढलेले वजन हे वैद्यकीय तपासणीतले किरकोळ दोष, पण तिथे गेल्यावर कळण्यापेक्षा गावच्या डॉक्टरकडून आधीच तपासून घ्यावेत. दातांच्या तपासणीत किमान १४ गुण लागतात.

वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस. बारावीत असताना सप्टेंबरमध्ये पहिली परीक्षा दिली तर बहुतेकांना तीन-चार संधी मिळतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला निवडली जाणारी मुले कमी नसतात. हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेची संगणकीय चाचणी तेवढी आयुष्यात एकदाच, तिला झोप पुरी करून जावे. २०२२ पासून मुलीही खडकवासल्यात आहेत आणि त्यांची पहिली १७ जणींची तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. त्यामुळे हे सगळे मुलींच्या पालकांनाही तितकेच लागू आहे. दहावीनंतरची दोन वर्षे ही तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे, मुलींसाठी नाशिकला २०२३ पासून आहे. लाखाची फी भरण्यापूर्वी तिची प्रवेश परीक्षा देऊन पाहावी.

आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती. अधिसूचना सहसा डिसेंबरात आणि मे महिन्यात निघते, दोन्ही वेळा मुले बोर्डाच्या सरावात किंवा सुट्टीत असतात आणि अर्जाची मुदत हुकते. त्या आठवड्यात अर्जाची तारीख पहिल्या पानावर चौकटीत द्यावी. सोबत एवढेही छापावे की आयोगाच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात.

– एक शिक्षक, कराड