घंटा वाजली की हातातले काम खाली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बंदिस्त मठात राहणाऱ्या कॅथलिक नन्सविषयी वर्तमानपत्रांत क्वचितच काही छापून येते, आणि आले की दोन चुका बहुतेक ठरलेल्या. पहिली, शाळा-दवाखाने चालवणाऱ्या सिस्टर आणि मठाच्या आवाराबाहेर सहसा न पडणाऱ्या नन यांना एकाच मापाने मोजायचे. दुसरी जास्त खटकते : या बायका दिवसभर प्रार्थना करतात, म्हणजे कष्टांतून सुटल्या.

कष्ट काही सुटत नाहीत. पहाटेपासून रात्रीपर्यंत दिवसातून सहा-सात वेळा सगळ्यांनी प्रार्थनागृहात जमून स्तोत्रे म्हणायची असतात. मठजीवनाचे नियम घालून देणाऱ्या संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीत तर बायबलमधली सगळी १५० स्तोत्रे आठवड्यात पुरी करायला सांगितले आहे. कार्मेल पंथाच्या मठांत याशिवाय सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास मौन ध्यान. उरलेल्या वेळात स्वयंपाक, धुणे, बाग, हिशेब, अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध नन्सची शुश्रूषा आणि पोटापाण्याचा उद्योग. कामाचा असा सलग दिवस मिळतच नाही, दोन-अडीच तासांचे तुकडे मिळतात. घंटा झाली की हातातले असेल ते टाकून निघायचे, हेही त्याच नियमावलीत आहे.

म्हणून मठाचा उद्योग मध्येच थांबवता येईल असाच निवडावा लागतो. मिस्साबलिदानात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, वाटली जाणारी पातळ, गोल भाकर बनवण्याचे काम अनेक मठ करतात, त्याचे हेही एक कारण असावे. काम वाटते सोपे. चर्चच्या कायद्याप्रमाणे त्यात गव्हाचे पीठ आणि पाणी, बस्स. मीठ नाही, खमीर नाही, तेल नाही. त्यामुळे चूक झाकायला काही उरत नाही. पीठ पळीतून सलग धार पडेल इतके पातळ हवे. घट्ट झाले तर भाजून निघणारा पापडासारखा पत्रा जाड आणि ओबडधोबड निघतो, फार घोटले तर चिकटपणा वाढून तार सुटते. नक्षी कोरलेल्या दोन तापलेल्या तव्यांमध्ये ते दाबायचे. वाफ कडेने फसफसत बाहेर येते आणि मिनिट-दोन मिनिटांत पत्रा तयार. तवा घाईने उघडला तर आत कोंडलेल्या वाफेने पत्रा मधोमध फाटतो, उशीर झाला तर लालसर पडतो.

खरी मेख पुढेच आहे. तव्यावरून निघालेला पत्रा काचेसारखा ठिसूळ असतो, लगेच कापला तर भुगा होतो. म्हणून तो दमट खोलीत रात्रभर ठेवतात. रात्रीच्या प्रार्थनेनंतर मठात महामौन सुरू होते, कुणी बोलत नाही, आणि पत्रा तेवढ्यात आपोआप ओलावा धरतो. ओल कमी पडली तर कडा तुटतात, जास्त झाली तर पत्रा लवतो आणि कापणीच्या यंत्रात अडकतो. कापलेल्या चकत्या पुन्हा सुकवाव्या लागतात, नाहीतर डब्यात बुरशी धरते. मग चाळणे आणि हाताने निवडणे. कडा कुरतडलेली चकती बाजूला काढतात, ते दिसण्यासाठी नव्हे. मिस्साबलिदानात अर्पण झाल्यावर तिचा कणही पवित्र मानला जातो. म्हणून चुरा पडणारी चकती चालत नाही.

स्वयंपाकघराची पाळी बेनेडिक्टच्या नियमाप्रमाणे आठवड्याची. पाळी संपवणारीने शनिवारी हात पुसायचे पंचे धुवायचे आणि भांडी स्वच्छ आणि धड परत करायची, म्हणजे काय दिले आणि काय आले याचा हिशेब राहतो. इतक्या साध्या नियमावर मठ शतकानुशतके चालले आहेत, याचे आम्हांला फार अप्रूप वाटते.

‘जगाला कंटाळून गेल्या’ हे वाक्यही आता थांबावे. रोमने, म्हणजे व्हॅटिकनने, २०१८ मध्ये काढलेल्या नियमांनुसार मठात पाऊल टाकल्यापासून कायमचे व्रत घेईपर्यंत किमान ९ आणि जास्तीत जास्त १२ वर्षे जातात. त्यातली दोन वर्षे नवशिकेपणाची, निदान पाच वर्षे तात्पुरत्या व्रताची. रागाच्या भरात घेतलेला निर्णय इतकी वर्षे टिकत नाही. कायमच्या व्रतातल्या नन पाचवर आल्या, तर त्या मठाला स्वतःची प्रमुख निवडण्याचा हक्कही उरत नाही. आज मठांपुढची खरी चिंता मनुष्यबळाची आहे, आणि लिहायचेच तर तिच्यावर लिहावे.

लिहिण्याआधी मठात जरूर विचारावे. बहुतेक मठांत भेटीची खोली असते, फोनही असतो. फक्त प्रार्थनेच्या वेळा आधी माहीत करून घ्याव्यात; त्या वेळी दारावरची ननही आत गेलेली असते, आणि रात्रीच्या प्रार्थनेनंतर सकाळपर्यंत फोन सहसा कुणी उचलत नाही.

आपले विश्वासू,
काही वाचक